फुलवर विझणारी बॅटरी

चामोर्शी,
मार्चअखेर

चि. भाचीस,

मामाचा नमस्कार. आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो, म्हणून नमस्कार आधी आणि आशीर्वाद मागून.

काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि तुझ्याकडची रेंज येत-जात होती. अर्धं ऐकू आलं, अर्धं तुटलं. कळलं ते एवढं: बॅटरी डिमवर नीट जळते, फुलवर टाकली की एक झळक मारून विझते. कधी विझत नाही, पण आपोआप डिमवर येते, कधी नुसती लुकलुकत राहते. आणि शेवटी तू म्हणालीस, "डिमवर भागतंय मामा, सध्या चालवून घेते." त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही. फोनवर सांगितलेलं हवेत जातं, म्हणून कागदावर लिहून घोट गावाकडं येणाऱ्या माणसाच्या हाती देतोय. हा कागद गणवेशाच्या खिशात ठेव.

चालवून घेऊ नको, माय. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, म्हणजे तुझ्यासारख्या वनरक्षकाच्या निम्म्या रात्री जंगलात. मोह पडायला लागला आहे. पहाटे तीन-चारला बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फूल दिसावं म्हणून कुणी पाचोळा पेटवतं, आणि ती आग सागाच्या वाळल्या पानांत शिरली की तुला पळावं लागतं. त्याच मोहाला त्याच वेळी अस्वलही येतं. वाघाचं तर विचारूच नको. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून धानोऱ्याच्या अंगानं हत्ती उतरले, तेव्हापासून आपल्या गडचिरोली जिल्ह्यातली रात्र पूर्वीची राहिली नाही. डिमवर पायापुरतं दिसतं. मोहाच्या झाडाखाली हलतंय ती बाई आहे की अस्वल, हे चाळीस पावलांवरून कळायला हवं, आणि ते डिमवर कळत नाही.

माझी एक गोष्ट तुझ्या आईलाही मी पूर्ण सांगितलेली नाही, ती आज सांगतो. सहा-सात वर्षांखालची. उन्हाळी धान लावलं होतं. त्या आठवड्यात मोटारीची लाइन रात्रीची होती, म्हणून साडेबारा-एकला वावरात गेलो. माझ्याही बॅटरीला तेव्हा हाच रोग होता आणि मीही डिमवर भागवत होतो. म्हणायचो, रोजची वाट आहे. बांधीच्या धुऱ्यावरून चाललो होतो. पुढं काहीतरी सळसळलं. अंगठ्यानं बटण दाबून फुल केलं. एक झळक पडली. त्या झळकेत दोन हातांवर, धुऱ्याच्या मधोमध, वेटोळं घातलेली घोणस दिसली. पाठीवरचे साखळीसारखे काळपट ठिपके अजून डोळ्यांसमोर आहेत. आणि काळोख झाला. दिसली नसती तर एक वेळ बरं, पण दिसली आणि मग अंधार. कुकरची शिट्टी सुटावी तसा तिचा फुत्कार सुरू झाला. पाय हलवायची हिंमत झाली नाही. बॅटरी मांडीवर आपटली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा डिम लागली, आणि मी पावलामागं पाऊल टाकत मागं सरलो. त्या रात्री मोटार सुरू झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याहून मोठी चूक केली. दुकान उघडलं आणि रागारागानं बॅटरीचं डोकंच खोललं. मनात पक्कं बसलं होतं की उजेड कमी-जास्त होतो म्हणजे दोष उजेडाच्या जागी, एलईडीत नाहीतर तिच्यामागच्या सर्किटात. रिफ्लेक्टर काढताना अंगठा एलईडीवर टेकला. तिच्यावरचा तो पिवळा-पारदर्शक ठिपका मऊ सिलिकॉनचा असतो, साईसारखा निघून आला. चांगली एलईडी माझ्या हातानं गेली. आणि दोष कुठं निघाला? शेवटच्या टोपणात. बटणाला धरून ठेवणारी आतली गोल रिंग पाव आटा सैल झाली होती. कात्रीची दोन टोकं तिच्या खाचांत घालून फिरवली असती तर एका मिनिटाचं काम होतं. वीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस असून मी उलट्या टोकानं सुरुवात केली. तू तसं करू नको. डोकं सगळ्यांत शेवटी.

आता हे असं का होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. तुझ्या बॅटरीत जो एक जाड सेल आहे तो लिथियमचा, १८६५० नंबरचा. हा नंबर म्हणजे त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या आसपास आला की संपला समज. पांढऱ्या एलईडीला जळायला तीनच्या थोडं खाली-वर व्होल्ट लागतात, जास्त उजेड हवा तर थोडे जास्त. म्हणजे सेल आणि एलईडी यांच्यामध्ये हातचं फार थोडं असतं. आता धर, डिमवर तुझी बॅटरी ०.१ अँपिअर ओढते आणि फुलवर २ अँपिअर. वाटेत कुठंतरी घाण बसली आहे किंवा रिंग सैल आहे, आणि तिथं ०.३ ओहम इतका अडथळा तयार झाला आहे. डिमवर त्या अडथळ्यात ०.०३ व्होल्ट जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. फुलवर जातात ०.६ व्होल्ट. हातचं होतं ते सगळं तिथंच संपलं. सर्किटला वाटतं सेल मेला, म्हणून ते उजेड बंद करतं किंवा स्वतःच डिमवर उतरतं. कधी त्याला इतका झटका बसतो की ते नव्यानं सुरू होतं आणि बटण कुणी दाबलं नसताना पुढच्या मोडवर जातं. तू लुकलुकणं म्हणालीस ते हेच. नळाला आतून शेवाळ धरलं की बारीक धार नीट येते आणि तोटी पूर्ण सोडली की गचके देते, तसं.

म्हणून फुलवर रोग दिसला तरी रोग फुलचा नसतो. सेल, स्प्रिंग, बटण, आटे, यांतलं एक काहीतरी कमजोर झालेलं असतं आणि डिमवर ते लपून राहतं.

बघायची वाट आता सांगतो. दिवसा, बसून, स्वच्छ फडक्यावर. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि प्रत्येक वेळी फुलवर टाकून भिंतीवर झोत बघायचा. तीन गोष्टी एकदम केल्या आणि बॅटरी लागली, तर कशानं लागली ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी रोग परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

आधी सेल पूर्ण चार्ज कर. हे पोरकट वाटेल, पण माझ्याकडं फुल लागत नाही म्हणून येणाऱ्या बॅटऱ्यांत नुसता अर्धवट भरलेला सेल असलेल्या कमी नसतात. मग सोबतच्या वनरक्षकाची तसल्याच सेलची चालू बॅटरी असेल तर दोन्ही बॅटऱ्यांचे सेल बदलून बघा. तुझा सेल त्या दुसऱ्या बॅटरीतही फुलवर दम टाकत असेल तर बॅटरीचा दोष नाही, सेल म्हातारा झाला. म्हातारा सेल मीटरवर ४.१ दाखवतो आणि ओझं पडलं की तिनाच्या जवळ घसरतो. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवून मी स्वतः फसलो आहे. ओझ्याखाली मोजल्याशिवाय सेलला चांगला म्हणायचं नाही.

सेल ठीक निघाला तर टोपण आणि डोकं दोन्ही फिरवून काढ. आटे बघ. ॲल्युमिनियमच्या बॅटरीत करंट नळीतून आणि आट्यांतून फिरतो, वेगळी वायर नसते. आट्यांत काळा चिकट लेप असेल तर तो धूळ आणि जुन्या ग्रीसचा. कोरड्या सुती फडक्यानं पूस, बोटाला काळं लागणं बंद होईपर्यंत. नळीच्या दोन्ही कडांची उघडा चकचकीत धातू शाळेतल्या खोडरबरानं घास. सेलची दोन्ही टोकं आणि डोक्यातला पितळी ठिपकाही खोडरबरानंच. पॉलिश पेपर लावू नको, वरचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात पुन्हा काळं पडतं. तुझ्या त्या भागात मोहाच्या दिवसांत सगळ्यांचे हात गोड-चिकट असतात. बॅटरी एकीकडून दुसरीकडं जाते आणि तो चिकटा आट्यांत उतरतो. पुसून झालं की दोन्ही बाजू घट्ट आवळ. अर्धा आटा सैल राहिला तरी हेच रडगाणं.

इतक्यावर भागलं नाही तर खरी परीक्षा. ही एक गोष्ट शिकलीस तर निम्म्या बॅटऱ्या तूच बऱ्या करशील. टोपण काढून बाजूला ठेव, सेल आतच राहू दे, त्याचं वजा टोक तुला मागून दिसेल. घरातल्या वायरिंगची, बोटभर लांबीची जाड तांब्याची वायर घे, दोन्ही टोकं सोल. एक टोक सेलच्या मागच्या बाजूला दाब, दुसरं नळीच्या उघड्या कडेला. काळ्या रंगावर नको, तो रंग करंट जाऊ देत नाही, धातूवरच. बॅटरी लागेल. वायर क्षणभर उचलून पुन्हा टेकवली की मोड बदलेल, कारण बटणही आत तेवढंच करतं. फुलवर आण आणि अर्धा मिनिट धर. झोत टिकला, तर पुढची सगळी बॅटरी निर्दोष आहे आणि दोष बाजूला ठेवलेल्या टोपणात आहे. टिकला नाही, तर टोपणाचा विषय सोड, दोष पुढं आहे.

एक जपायचं: ती वायर सेलच्या दोन टोकांना एकदम कधीही लागू द्यायची नाही. सेल नळीत असताना पुढचं टोक झाकलेलं असतं, म्हणून ही परीक्षा नळीत सेल ठेवूनच. लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर वायर लाल होते, आणि तो पेटला तर फुंकरीनं विझत नाही. सुटा सेल किल्ल्यांच्या खिशात टाकायचा नाही तेही त्यामुळंच.

टोपणात दोष निघाला तर आत बघ. दोन खाचा असलेली रिंग दिसेल, कात्रीच्या टोकांनी उजवीकडं आवळ. स्प्रिंग दाबून सोड, पूर्ण वर येते का बघ. तिचा रंग निळसर-काळा झाला असेल तर ती तापून मऊ पडली आहे. बारीक पोलादी स्प्रिंग, त्यातून दोन-दोन अँपिअर, तापणारच. माझ्याकडं आणलीस तर मी स्प्रिंगच्या आतून तांब्याची मऊ तार टाकून दोन्हीकडं सोल्डर मारून देतो, मग करंट तारेतून जातो आणि स्प्रिंगला फक्त दाबायचं काम राहतं. बटणच गेलं असेल तर ते बदलायचं. त्या मापाची बटणं माझ्या डब्यात असतात.

वायरची परीक्षा करूनही फुल टिकलं नाही आणि सेल चांगला असल्याची खात्री आहे, तर दोष डोक्यात. तिथं तू हात घालू नको. सर्किटच्या कडेचा सोल्डर तडकला असेल किंवा एलईडीला जाणाऱ्या वायरचा डाग सुटला असेल, दोन्ही बारीक कामं आहेत. त्यातच एलईडीच्या पाटीखाली पांढरी पेस्ट असते, ती उष्णता बाहेरच्या धातूत नेते. पेस्ट न लावता पुन्हा बसवली तर पहिले चार दिवस झकास उजेड पडतो आणि मग एलईडी आतल्या आत भाजून निळी पडते. बाजारात दुरुस्त होऊन आलेल्या कितीतरी बॅटऱ्या अशा भाजलेल्या निघाल्या आहेत.

सगळंच बिघाड समजू नको. फुलवर चार-पाच मिनिटं जळल्यावर उजेड हळूहळू थोडा उतरला आणि बॅटरी हाताला गरम लागली, तर ते सर्किट स्वतःला तापण्यापासून वाचवतंय. आपल्या उन्हाळ्यात रात्री दहालाही दगड गरम असतात, तेव्हा ते लवकरच होणार. तुझ्या बॅटरीत मात्र झळक मारून विझणं आहे, ते यात बसत नाही. फुल आणि डिम सारखेच दिसत असतील तर बहुतेक सेल संपत आला. फुल चांगलं आणि डिमच लागत नाही, असं झालं तर सर्किट; आण माझ्याकडं. डिमवर मोबाइलचा कॅमेरा धरलास तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतील, त्याला घाबरू नको. बऱ्याच बॅटऱ्यांत डिम म्हणजे कमी जळणं नसतं, एका सेकंदात शेकडो वेळा पेटणं-विझणं असतं, डोळ्याला ते कमी उजेडासारखं भासतं.

तुझ्या हाताखालच्या फायर वॉचर पोरांकडं आणि गावात घरोघरी असते ती प्लास्टिकची, प्लगाची चार्जिंग बॅटरी. तिचं दुखणं वेगळं. तिच्यात शिशाची ४ व्होल्टची बॅटरी असते, आणि सरकतं बटण. एका खाचेत सरळ करंट, दुसऱ्या खाचेत एका रेझिस्टरमधून, म्हणजे अर्धा उजेड. त्यातली एक खाच लागत नसेल तर दहांतल्या आठ वेळा बटणात धूळ किंवा काजळी असते. वीस-पंचवीस वेळा जोरात पुढं-मागं सरकवलं तरी सुटते. दोन्ही खाचांत मिणमिणती जळत असेल तर शिशाची बॅटरी गेली. ती जाते संपलेली ठेवल्यानं. शिसं उपाशी राहिलं की त्यावर कडक पांढरा थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. पावसाळ्यानंतर खुंटीला अडकवून ठेवलेली बॅटरी होळीला काढली तर ती मेलेलीच निघणार. पोरांना सांग, वापरून झाली की त्याच दिवशी चार्जिंगला लाव, वापरली नाही तरी महिन्यातून एकदा लाव, आणि रात्रभर विसरू नको, पुष्कळशांत आपोआप बंद होण्याची सोय नसते.

आणि हे ओरडून सांग: प्लगात असताना ती बॅटरी उघडायची नाही. स्वस्तातल्या बॅटरीत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरवरून २३० व्होल्टची लाइन थेट आतल्या तारांपर्यंत येते. बॅटरी चार व्होल्टची म्हणून माणूस निर्धास्त बोट घालतो. दुकानात मी स्वतः तसला झटका खाल्ला आहे, हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता.

नवा सेल घ्यावा लागला तर एक बघ. १८६५० मापात आज चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. वरच्या कागदावर ९९०० छापलेलं असेल तर ते खोटं आहे, घेऊ नको. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो; किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेव. पंचवीस-तीस भरला तर आत अर्धं रिकामं. असा सेल डिमवर महिनाभर निभावून नेईल आणि फुलवर पहिल्या रात्री दगा देईल. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, मी देतो.

आपल्या आजोबांकडं दोन जाड सेलची स्टीलची बॅटरी होती, तुला आठवत असेल, गोठ्याच्या खुंटीवर असायची. तिच्यात तारेचा बल्ब. सेल उतरायला लागले की उजेड आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, आणि आजोबा म्हणायचे की परवाच्या बाजारात सेल आणायला सांग. ती बॅटरी दोन-दोन दिवस आधी सांगून विझायची. १९९० च्या दशकात जपानात भरपूर उजेडाची निळी एलईडी बनली, तिच्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड मिळाला, आणि ती बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. फार मोठं काम आहे ते. गडचिरोलीच्या शेवटच्या टोल्यातल्या पोराच्या हातात आज जो उजेड आहे तो आजोबांच्या बॅटरीच्या कितीतरी पट आहे आणि सेलही पुरतो. पण हा उजेड पिवळा पडत नाही. बऱ्याच बॅटऱ्यांत सर्किट जवळजवळ शेवटपर्यंत तो सारखा ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. आजोबांची बॅटरी जे आपणहून सांगायची ते आता आपल्याला विचारून घ्यावं लागतं.

म्हणून गस्तीला निघण्याआधी रोज संध्याकाळी बॅटरी फुलवर टाकून पाच मिनिटं ओट्यावर ठेव. तेवढ्यात बूट घालून होतात, पाणी भरून होतं. पाच मिनिटांत ती विझली, लुकलुकली, एकदम डिमवर उतरली, तर ती बॅटरी त्या रात्री जंगलात न्यायची नाही. अंगणात बटण एकदा दाबून "लागते" म्हणणं म्हणजे काहीच तपासणं नव्हे, कारण तुझी बॅटरीही एका सेकंदाला लागतेच. फुलवर पाच मिनिटं गेल्यानं सेल थोडा उतरेल, ते मला मान्य आहे.

दुसरी एक बॅटरी अंगावर असू दे, कपाळावर बांधायची छोटी असली तरी चालेल. चालताना डिम, बघताना फुल. वणव्याच्या धुरात फुल मारू नको, झोत धुरावर आपटून डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. डिम कमरेखाली धर, जमीन दिसेल. आग शोधायची असेल तर उंच जागी उभी राहून बॅटरी पूर्ण बंद कर आणि डोळे अंधाराला सरावू दे, लाली दुरून दिसते. हत्ती असतील तिथं झोत त्यांच्या अंगावर टाकायचा नाही, हे तुमच्या साहेबांनी सांगितलंच असेल. आणि दुपारी बॅटरी मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नको. एप्रिल-मेच्या उन्हात ती डिक्की भट्टी होते आणि लिथियमचा सेल तापून तापून लवकर म्हातारा होतो. मातीच्या घरात, माठाजवळच्या कोनाड्यात ठेव.

या कागदाबरोबर माझी स्वतःची बॅटरी पाठवली आहे. काल रात्री सात मिनिटं फुलवर ठेवून बघितली, हलली नाही. सेल पूर्ण भरलेला आहे, आणि सोबत एक जास्तीचा, प्लास्टिकच्या डबीत. तुझी दुरुस्त होईपर्यंत हीच वापर. माझी काळजी करू नको. या आठवड्यात मोटारीची लाइन दिवसा आहे.

तुझ्या बॅटरीची तपासणी रविवारी कर आणि मला एवढंच कळव: सेल बदलल्यावर काय झालं, आटे पुसल्यावर काय झालं, वायर लावल्यावर काय झालं. रेंज नसेल तर मेसेज टाकून ठेव, केव्हातरी जातोच. बाजाराच्या दिवशी चामोर्शीला आलीस तर बॅटरी, तिचा चार्जर आणि जुना सेल तिन्ही आण. जुना सेल उकिरड्यात टाकू नको, शेकोटीत तर मुळीच नको.

तुझ्या मामीनं डबीशेजारी कागदात तिळाचे लाडू बांधले आहेत. ती रोज विचारते, भाची रात्री कुणाबरोबर जाते. या वेळी फोन केलास तर ते तिलाच सांग.

तुझा,
मामा

ता. क. – पाच मिनिटांची परीक्षा आज संध्याकाळी माझ्या बॅटरीचीही घे. मी बघितली आहे, तरी घे. मोटारसायकलवर आदळत येते आहे.